तोटी मालकाने उघडायची

१ फेब्रुवारी

चाळीस वर्षं नळकाम केलं आणि एकतीस वह्या भरल्या. नळ एकदा भिंतीत गेला की दिसत नाही, म्हणून तो कुठून गेला, कुठे वळला, सांधा कुठे आहे, हे ज्या दिवशी काम त्याच दिवशी लिहून ठेवायचं. प्रत्येक कामाखाली दोन ओळी. ‘काम’ आणि ‘तपासणी’. कामासमोर मी, तपासणीसमोर घरमालक. कारण नळ बसवणाऱ्याने पहिली तोटी स्वतः उघडायची नाही, ती मालकाने उघडायची, आपण हात मागे बांधून बाजूला उभं राहायचं, हा माझा नियम. लोक हसायचे. पण मी बसवलेला सांधा गळला असं म्हणणारा एक माणूस या गावात शोधून दाखवावा.

बत्तिसावी वही कोरी पडली होती. आजपासून ती गाडीची.

गाडी लेकीने आणली. जुनी फोर-बाय-फोर, लेकीपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान. दार उघडलं की कण्हते, म्हणून हिने, म्हणजे आमच्या घरच्यांनी, तिचं नाव म्हातारी ठेवलं. लेक जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जागा निघाली, ती तिने मागून घेतली. एक एप्रिलला हजर व्हायचं आणि डोंगर चढणारी गाडी स्वतःची पाहिजे. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. शहरातल्या दवाखान्यात पंख्याखाली बसून लोकांची कुत्री-मांजरं तपासता आली असती. असो. मी काही बोललो नाही. म्हणजे एकदा बोललो. ही म्हणते तीनदा.

लेक म्हणाली, गाडी गॅरेजला टाकू. मी म्हणालो, घरात कारागीर असताना परक्याच्या दारात कशाला? गाडीत तरी काय असतं? पाण्याची नळी, तेलाची नळी, ब्रेकची नळी. नळ्याच तर आहेत सगळ्या. दोन महिने म्हणजे रग्गड झाले.

३ फेब्रुवारी

काल मागच्या पत्र्याच्या शेडमधले पाइप एका बाजूला रचले आणि म्हातारीला आत घेतलं. संध्याकाळी तिच्या पोटाखाली पुठ्ठा अंथरला होता, तो सकाळी ओढून पाहिला. पाच ठिकाणी थेंब. प्रत्येकाभोवती पेन्सिलने गोल काढून आकडे घातले. १ इंजिनाखाली, २ पाण्याच्या नळीखाली, ३ गिअरबॉक्स, ४ ब्रेकचा सांधा, ५ मागच्या अ‍ॅक्सलखाली. अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांमधला आडवा जाड लोखंडी दांडा. आतून पोकळ, त्यात तेल.

ही चहा घेऊन आली, पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली, “एवढ्या कौतुकाने आपल्या लग्नाचे फोटोसुद्धा बघितले नाहीत तुम्ही.” कामाची कदर सगळ्यांना नसते.

१२ फेब्रुवारी

थेंब १ आणि २ बंद. रेडिएटरच्या दोन्ही नळ्या बदलल्या, क्लिपा नव्या. पाणी घालून इंजिन तासभर चालवलं. सांधे हाताने चाचपले, कोरडे ठणठणीत. सांगायला हरकत नाही, छाती फुगली.

दुपारी गॅरेजवाला ढब्बू डोकावला. शाळेतला सोबती, तेव्हा होता त्याच्या तिप्पट झालाय. वाकता येत नाही म्हणून आरशाने गाडीखाली पाहिलं आणि म्हणाला, “लेका, काम नंबर एक. पण सगळंच बंद करायच्या मागे लागू नकोस. जुनी गाडी थोडीफार गळायचीच.”

गळायचीच म्हणे. असल्या विचारांमुळेच तो चाळीस वर्षं त्याच त्या गाड्या दुरुस्त करतोय.

१८ फेब्रुवारी

लेकीची सुट्टी. मला काहीतरी करायला द्या म्हणून मागे लागली. गाडीखालचा गंज घासायला दिला, म्हटलं अर्ध्या तासात कंटाळेल. सकाळी आडवी झाली ती जेवायला उठली नाही. संध्याकाळी सगळी चौकट उघडी लख्ख, वर गंजरोधक रंगाचा हात. कोपरेसुद्धा सोडले नव्हते. तारेच्या ब्रशने बोटं सोलली होती. “बरं झालंय,” मी म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही वावगंच बोललो.

लेक म्हणाली, एक चक्कर मारू का? मी म्हणालो, ब्रेक व्हायचे आहेत.

२५ फेब्रुवारी

थेंब ३ आणि ४ बंद. ब्रेकच्या रबरी नळ्या चारही नव्या घातल्या, एक जादा आणून पेटीत ठेवली. ब्रेकमधली हवा काढताना पेडल मारायला लेकीला बसवलं. दाब, धर, सोड. मी सांगायच्या आत तिचा पाय सोडत होता. ही हातोटी शिकवून येत नाही. तिला तसं म्हणालो नाही, उगाच डोक्यात जायचं.

आता मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, टोकांचे रबरी बुश तेवढे घालायचे. सामान ढब्बूकडे मागवलंय, आलं नाही अजून. गाडी जॅकवर.

६ मार्च

बुश आले नाहीत. घाईत केलेलं काम निस्तरायला दुप्पट वेळ लागतो, हे लेकीला समजावलं. ती म्हणाली, पंचवीस दिवस राहिले. मी म्हणालो, पंचवीस म्हणजे पुष्कळ. या वेळात खिडकीच्या काचेची रबरं बदलली. गरज होती असं नाही, पण हात रिकामा कशाला ठेवायचा?

८ मार्च

घरात जरा बाचाबाची. ढब्बूचा फोन आला, तो हिने घेतला. बुश नऊ दिवसांपूर्वीच येऊन पडलेत, मला त्याने दोनदा कळवलं होतं म्हणे. कळवलं असेल. माझ्या लक्षातून गेलं. वय झालं की होतं असं.

ही म्हणाली, “चाळीस वर्षांत तुम्ही सांध्यातली एक चकती विसरला नाहीत.”

“मग? म्हणायचंय काय तुला?”

“काही नाही. ती पहिल्यांदा शाळेत निघाली तेव्हा तुम्ही तिच्या दप्तराचा पट्टा सकाळी तीनदा शिवला होता. तेवढ्यात शाळेची घंटा वाजून गेली.”

पट्टा खरंच उसवला होता. तो विषय इथे कुठून आला, कळलं नाही. जाऊन बुश घेऊन आलो.

११ मार्च

बुश घातले. गाडी खाली उतरवली आणि मी एकटाच जुन्या खाणीच्या रस्त्याला नेऊन आणली. खाण बंद पडून वर्षं झाली. पायथ्याला ओढा, मग सुटे दगड आणि चढ, गाडीची परीक्षा घ्यायला तीच जागा. वळणापर्यंत गेलो, पंधरा मिनिटं. म्हातारी अशी चढली की मी स्टेअरिंगवर थोपटलं. रस्त्यात भेटलेल्या दोघांनी विचारलं, कुणी केली? मी केली म्हणालो. घरापर्यंत शीळ घालत आलो.

पुठ्ठ्यावर फक्त पाचवा थेंब.

१३ मार्च

पाचव्याचं मूळ सापडलं, आणि ते पाहून हसूच आलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी आहे. बोट लावलं तर खुळखुळते. तिच्याभोवती तेलकट चिकट धूळ. पंचवीस वर्षं कुणाला ती घट्ट करायचं सुचलं नाही. टोपी काढून टाकली. त्या आट्याला बसेल असं पितळी बूच माझ्याच डब्यात निघालं. टेपचे सात वेढे देऊन असं आवळलं की आता हत्ती आला तरी हलणार नाही.

१४ मार्च

पुठ्ठा कोरा.

हिला झोपेतून उठवून दाखवला. ढब्बूच्या गॅरेजवर नेऊन दाखवला. “पुठ्ठा उलटा तर नाही ना धरलास?” म्हणाला. जळतो. वाण्याच्या दुकानातही नेणार होतो, पण ही म्हणाली लोक काळजी करतील.

१६ मार्च

लेक म्हणाली, उद्या माथ्यापर्यंत पूर्ण चाचणी आणि गाडी मी चालवणार. मी म्हणालो, पूर्ण चाचणी मीच घेईन, गाडी माझ्या हाताखालून गेलीय.

ती उठली. आत गेली, कपाटातून माझी कुठलीतरी जुनी वही काढून आणली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. तपासणी: घरमालक. पुढचं पान. तपासणी: घरमालक.

“बाबा, गाडी कुणाची?”

“तुझी.”

“मग तोटी कुणी उघडायची?”

ही स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ती घासायची थांबली, म्हणजे ऐकत होती. मी किल्ली टेबलावर ठेवली.

१७ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी निघालो. लेक चालवायला, मी शेजारी. ओढा, वळण, मग त्याच्यापुढचा मोठा चढ, जिथे मी त्या दिवशी गेलो नव्हतो. ती गाडी चांगली चालवते. दगडावर चाक कुठे टाकायचं ते आधी ठरवते, मग टाकते. मी दोनदा ‘सावकाश’ म्हणालो, ते नेहमीच्या सवयीने. माथ्यावर पोचायला सव्वा तास लागला. तिथून पलीकडचे डोंगर दिसतात. तिने बोट केलं, त्या तिसऱ्याच्या मागे. मी पाहिलं. लांब आहे.

उतरताना जळका वास आला. मी म्हणालो, क्लच असेल. पहिल्या वळणावर तिने ब्रेक लावला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मागचं अंग घसरलं. उजव्या हाताला खाणीचा खड्डा. माझा हात आपोआप हँडब्रेककडे गेला तर ती म्हणाली, “बाबा, हात मांडीवर.” आवाज चढवला नाही. मी हात मांडीवर ठेवला. तिने गाडी लो गिअरला टाकली, पाय ब्रेकवरून काढला, आणि इंजिनाच्या ताकदीवर म्हातारीला पावलापावलाने खाली आणलं. पाऊण तास. मी दाराची मूठ धरून बसलो होतो, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं काम मला नकोसं झालं.

सपाटीला थांबलो. ती खाली शिरली. मागचं डावं चाक आतून तेलाने माखलेलं, ब्रेकवर तेल.

“बाबा, अ‍ॅक्सलवर हे पितळेचं काय आहे?”

“बूच. मी बसवलंय. गळत होतं तिथे.”

तिने पाना मागितला. अर्धा फेर फिरवला तोच फुस्स झालं आणि तिच्या कपाळावर तेलाचा फवारा उडाला. ते पुसायचं सोडून ती खाली पडल्या पडल्या हसायला लागली.

“हिचं पोट फुगलं होतं, बाबा. गाईचं फुगतं ना, तसं. आत वारा कोंडला की नळी घालून मोकळा करावा लागतो, नाहीतर जीव जातो. इथे तेल तापलं, आतली हवा फुगली, आणि तिच्या वाटेवर तुम्ही बूच मारलंत. मग ती चाकाचं रबरी सील फोडून तेल घेऊन बाहेर पडली.”

ती खुळखुळणारी टोपी हवेसाठीच होती. गळणारी जागा नव्हती ती, श्वासाची होती. पाचवा थेंब मी बंद केला आणि माझ्याच लेकीला खड्ड्याच्या तोंडाशी नेलं.

काम: मी. तपासणी: मालकीण.

१८ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. शेडमध्ये गेलो नाही. ढब्बू आला होता, त्याला काही विचारू नको म्हणून हिने खूण केलेली मला दिसली. नाही विचारलं त्याने. आरशाने गाडीखाली पाहिलं आणि सील, ब्रेकचे लायनर पाठवतो म्हणून गेला.

ही म्हणाली, “दोन दिवस सुतक पाळा आणि मग उठा. तेरा दिवस राहिलेत.”

१९ मार्च

पहाटेच डोळे उघडले ते एका गोष्टीने. प्रत्येक घराच्या सांडपाण्याच्या नळाला मी छपरापर्यंत एक उभा नळ काढतो. हवेसाठी. तो नसेल तर मोरी गडगडते, नळ तुंबतात. नवशिक्या तो विसरला तर मी त्याला दिवसभर बोलायचो. आणि मीच विसरलो. माझ्याच धंद्यातली गोष्ट लेकीला मला गाईच्या पोटावरून सांगावी लागली.

पण मग पुढचंही सुचलं. मूळची टोपी परत घातली तर तिच्यातून हवा जाईल, ओढ्यात पाणीही शिरेल. तिच्या जागी नळीच वर काढली तर? घराला काढतो तशी. लेक दात घासत होती, तिला तसंच शेडमध्ये नेलं. ती ब्रश तोंडात धरून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “बोनेटपर्यंत न्यायची. ओढा तिथवर आला तर मी तशीही पुढे जाणार नाही.”

दिवसभर दोघं. नळी कुठून न्यायची ते तिने ठरवलं, धुराड्यापासून लांब, दगड लागणार नाही अशी. सांधे मी केले. प्रत्येक वीतभर अंतरावर पकड. वरच्या टोकाला छपराच्या नळासारखं खाली वळलेलं तोंड. चाकाचं सील आणि लायनर तिने एकटीने बदलले. मी बाजूला हात मागे बांधून उभा राहिलो, एकदाही बोललो नाही. ही बघून गेली आणि परत एकदा बघायला आली. तिचा विश्वास बसला नसावा.

२४ मार्च

माथ्यापर्यंत जाऊन आलो. चालवणारी ती. जाताना आणि तापलेल्या चाकांनी येताना ओढ्यात मध्येच गाडी मुद्दाम उभी केली, पाणी अ‍ॅक्सलच्या वर. घरी येऊन तेल काढून काचेच्या बाटलीत धरलं. मधासारखं स्वच्छ, पाण्याचा टिपूस नाही. ब्रेक चारही सारखे. ढब्बूने नळीचं टोक पाहिलं, नंतर मला पाहिलं. “माझ्या गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांना अशी बसवून दे,” म्हणाला. मी म्हणालो, मालकिणीला विचार, अर्धी कल्पना तिची आहे. एवढ्या अभिमानाने मी उभ्या आयुष्यात काही बोललो नसेन.

पुठ्ठ्यावर सकाळी एक बारीकसा थेंब होता, इंजिनाखाली. गोल काढला नाही.

२८ मार्च

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पातळ वाटतो. कापून नवा जोडायला हवा. आठवडा लागेल. ती दोन तारखेला, तीन तारखेला गेली तर

वाक्य अर्धंच सोडून उठलो होतो. पत्रा जाऊन हातोडीने ठोकून पाहिला. ठणठणीत आहे. दहा वर्षं जाईल.

मला तिने जायला नको आहे. हे लिहून टाकतो, म्हणजे भिंतीत गेलेल्या नळासारखं कुणाला पुढे शोधत बसायला नको. बुश मी विसरलो नव्हतो.

३१ मार्च

लेक सकाळी निघाली. मागे औषधांच्या पेट्या, दोरखंड, फावडं, जादा चाक आणि माझी पान्यांची जुनी पेटी. बत्तिसावी वही अजून संपली नाही, म्हणून तेहतिसावी कोरीच होती, ती तिला दिली. ही रडली, मग माझ्याकडे बघून रडायची थांबली, कारण माझंच जास्त चाललं होतं.

फाटकाशी तिने काच खाली केली. “बाबा, काही सांगायचं राहिलं?”

पुष्कळ होतं. “चांगलं काम करतेस,” एवढं म्हणालो. तिने दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून तोंडावर धरले. सत्तावीस वर्षं मी हे वाक्य कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

१४ एप्रिल

तिकडे फोन लागेल तर लागतो. आज दुधाच्या गाडीवाल्याने पाकीट आणून दिलं. आत तेहतिसाव्या वहीचं फाडलेलं पान, अक्षर तिचं, मांडणी माझी.

‘१० एप्रिल. वरच्या वस्तीवर गाय अडली होती, वासरू आडवं. वेळेत पोचले, दोघं जिवंत. येताना दगडाने पुढच्या उजव्या चाकाची ब्रेकची नळी कापली गेली. लो गिअरवर खाली आणली. पेटीतली जादा नळी बसवली. हवा काढताना पेडल मारायला गाईच्या मालकांना बसवलं, त्यांना दाब-धर-सोड शिकवायला अर्धा तास गेला. पुठ्ठा कोरा. त्यांनी विचारलं, ही हवेची नळी कोणत्या कंपनीची? सांगितलं, आमच्या घरची आहे.

काम: मी.

तपासणी: सपाटीवर मी चालवून पाहिली, पण ती धरायची नाही. ही ओळ कोरी ठेवली आहे. तुम्ही या.’

हिला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने मला वाचून दाखवलं.

१५ एप्रिल

उद्या दुधाच्या गाडीने निघतो, परवा ही येईल. ढब्बू विचारत होता, कोणती कोणती हत्यारं नेतोस? एकही नाही. फक्त पेन नेतोय, त्या कोऱ्या ओळीवर सही करायला. काम तिने केलंय. या वेळी तोटी मी उघडायची, आणि तिने हात मागे बांधून बाजूला उभं राहायचं.